झालं की मला दे

मार्च संपत आला की जुळे सोलापुरातल्या गच्च्या संध्याकाळी भरायला लागतात. पाणी येऊन गेलं असेल तर बादलीभर पाणी मारून तापलेली फरशी निववायची, नसेल तर नुसती झाडून चटई टाकायची. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या अक्का वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या आणि मी कठड्याला टेकून त्यांना एका कादंबरीची गोष्ट सांगत होते. दोन बहिणी, एक विहीर, वाटणीचा दावा. वाचून अर्धीच झाली होती, पण सांगायची खुमखुमी काही थांबत नव्हती. अक्कांनी कुरडईचा मोडका तुकडा तोंडात टाकला, जरा वेळ चघळला आणि म्हणाल्या, "बरं वाटलालंय गं ऐकायला. झालं की मला दे."

"देते की," मी म्हणाले. आणि जिना उतरताना ध्यानात आलं, देणार काय? कादंबरी किंडलमध्ये होती, ई-पुस्तकं वाचायच्या त्या यंत्रात.

खरं तर एवढ्याशा गोष्टीनं जीव खाली-वर व्हायचं कारण नव्हतं. कागदी प्रत मागवली असती, विषय संपला असता. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. लहानपणी आम्ही साखर पेठेत राहायचो. शेजारी यंत्रमाग, त्यामुळे वाचायचं ते त्या खटखटीतच. माग बंद पडला की उलट लक्ष विचलित व्हायचं. घरात विकत घेतलेली पुस्तकं फार नव्हती. माझं सगळं वाचन उसनवारीवर वाढलं. "झालं की मला दे" हे वाक्य तेव्हा दिवसातून एकदा तरी कानावर पडायचं, आणि ज्याला ते म्हटलं जाई त्याच्यावर एक हलकासा दाब येई. आता रेंगाळून चालायचं नाही, पुढचा माणूस ताटकळलाय. दिवाळी अंक तर अशा रांगेतून संक्रांतीपर्यंत फिरत राहायचे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली तरी एखादा अंक परतलेला नसायचा आणि आई दारात उभी राहून विचारायची, तुमच्याकडं आहे का हो तो, मुखपृष्ठ फाटलेला? खाकी कव्हर, आतल्या पानावर नाव, नावाखाली "वाचून परत करणे". परत येताना पुस्तक थोडं फुगलेलं असायचं. कुठं हळद, कुठं विडीच्या तंबाखूची पूड, कुठं खूण म्हणून घातलेलं एस.टी.चं तिकीट.

काही परत यायचीच नाहीत. २००६ साली इथं साहित्य संमेलन झालं, एकोणऐंशीवं. अध्यक्ष आपल्याच गावचे मारुती चितमपल्ली. गावातला माणूस अध्यक्ष, आणि तोही जंगलात आयुष्य काढलेला, म्हणून सगळं सोलापूर तेव्हा एकदम पक्षी ओळखायला लागलं होतं. संमेलनातल्या स्टॉलवरून मी त्यांचं एक पुस्तक घेतलं. ते शेजारी गेलं, शेजारून त्यांच्या जावेकडे, जावेकडून तिच्या भाच्याकडे, आणि मग त्याचा माग सुटला. गेल्या वर्षी, २०२५च्या जूनमध्ये, चितमपल्ली सोलापुरातच गेले. आयुष्यभर विदर्भातली रानं तुडवून शेवटी ते गावी परतले होते. बातमी वाचून मी वाचनालयात गेले, तर त्यांचं एकही पुस्तक जागेवर नाही, सगळी लोकांच्या घरी. मला आनंद झाला आणि रागही आला. घरी येताना वाटलं, त्या भाच्याच्या घरीही आज कुणीतरी माझी प्रत शोधून काढली असेल. तिच्यावर माझं नाव आहे. ते वाचून कुणाला काही आठवलं असेल का, कोण जाणे.

असल्या उसनवारीला कंटाळूनच मी यंत्राकडे वळले, हे कबूल करायला काही हरकत नाही. त्यात घरात जागा नाही, वर वाळवी. एका पावसाळ्यात खालच्या फळीतली पुस्तकं काढली तर मधलं सगळं मऊ माती झालेलं आणि कव्हरं तेवढी शाबूत. त्याच वर्षी किंडल घेतलं. तेव्हा त्यात मराठी विकत मिळत नव्हतं. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ घालायच्या आणि मुंगीएवढी अक्षरं दोन बोटांनी ताणून, पान इकडून तिकडे सरकवत वाचायची. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉननं भारतीय भाषांतली पुस्तकं किंडलवर आणली. हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम आणि मराठी. मी अगदी पहिल्या आठवड्यात पुस्तक घेतलं. काय वाचलं ते आज आठवत नाही, पण मराठी ओळ काठाशी आली की आपोआप वळून खाली जाते, एवढ्याचंच इतकं अप्रूप वाटलं की घरातल्या प्रत्येकाला ते दाखवून झालं. कुणी विशेष दाद दिली नाही.

पण ते पुस्तक विकत घेतलं म्हणजे नक्की काय घेतलं, हा प्रश्न अक्कांच्या एका वाक्यानं पुढ्यात आणून ठेवला. घेतो तो वाचण्याचा परवाना. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं लोकांच्या किंडलमधून पैसे भरून घेतलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली होती, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. त्यात नेमकं ऑर्वेलचं '१९८४' होतं, सरकार लोकांच्या आठवणी कशा पुसतं त्याची गोष्ट. पैसे परत दिले, माफीही मागितली. पण काढता येतं हे तेव्हाच कळलं. २०२५च्या फेब्रुवारीत पुस्तक संगणकावर उतरवून घ्यायची सोयही बंद झाली. आता त्याचं माझ्याकडे असणं म्हणजे त्या खात्यात असणं. शेजारणीला ते द्यायचं तर वाट नाही. एक पुस्तक देता येतच नाही.

द्यायचं तर अख्खं कपाट द्यावं लागतं.

शेवटी तेच दिलं. कादंबरी संपवली आणि एका रविवारी यंत्र घेऊन अक्कांकडे गेले. अक्का म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मायबोली कन्नड, नोकरी मराठी शाळेत, आणि पूर्व भागात वर्षानुवर्षं शिकवल्यामुळे पद्मशाली विणकरांच्या मुलांना त्यांच्याच तेलुगूत दटावण्याइतकी तेलुगूही येते. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली, तरी बारीक अक्षर लागत नाही, म्हणून हल्ली वाचन फक्त पेपरच्या मथळ्यांपुरतं उरलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे पुस्तक मागताना ते आपल्याला वाचता येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी मागितलं. मग मी अक्षर मोठं केलं. त्या म्हणाल्या, अजून. अजून केलं. शेवटी एका पानावर जेमतेम सहा ओळी उरल्या, तेव्हा त्यांनी यंत्र माझ्या हातातून घेतलं आणि पुढची पाच मिनिटं मी त्या खोलीत आहे की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं राहिलं नाही.

मग शिक्षिका जागी झाली. "यात दिवा कुठंय?" मी सांगितलं, कडेला बारीक दिवे आहेत, ते पानावर उजेड टाकतात, पण अक्षर दिव्याचं नाही. पडद्याखाली केसाच्या जाडीइतक्या असंख्य कुप्या असतात. त्यांत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, एका जातीचे धन, दुसऱ्या जातीचे ऋण. खालून वीज जशी द्यावी तसे काळे वर येतात किंवा पांढरे. एकदा वर आले की वीज काढली तरी तिथंच बसून राहतात, म्हणून वीज लागते ती फक्त पान उलटताना, आणि म्हणूनच एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे चालतं. भर उन्हातही स्वच्छ दिसतं ते यामुळेच, मोबाईलसारखं डोळ्यांवर येत नाही. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "म्हणजे पाटीच की गं. लिहिलं की राहतं, पुसेपर्यंत." तेवढ्यात पान उलटलं आणि मागच्या पानाची पुसट छाया एक क्षण तशीच राहिली. त्या हसल्या. "बघ. नीट पुसली पण नाही."

एवढी चांगली व्याख्या मी कुठल्याही परीक्षणात वाचलेली नाही.

यंत्र दिलं खरं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर हात उशाशी जाऊन रिकामा परतला, तेव्हा वेगळीच धाकधूक सुरू झाली. त्यात फक्त ती कादंबरी नव्हती. अर्धवट सोडलेली भारदस्त पुस्तकं होती, जी वाचल्यासारखं मी चारचौघांत बोलते. खुनाच्या रहस्यकथांची एक लांबलचक माळ होती, सलग वाचलेली, शेवटाला शंभर टक्के पोचलेली. पोट कमी करण्याबद्दलची पुस्तकं होती. आणि झोप न येण्याबद्दलची दोन इंग्रजी पुस्तकं, ठिकठिकाणी रेघा मारलेली. कपाटातल्या पुस्तकांचे कणे आपण आल्यागेल्याला दिसतील असे लावतो. यात तसलं काही नाही. सगळ्यात शेवटी उघडलेलं सगळ्यात वर, आणि खाली किती टक्के वाचलं तेही छापलेलं. कुणाच्या हाती एवढं उघडं पडायची मला सवय नव्हती. बसमध्ये शेजारच्या माणसाला आपण काय वाचतोय ते दिसत नाही, हेच तर या यंत्राचं मोठं सुख मानत आले होते.

अक्कांनी चार-पाच दिवस काही विचारलं नाही. मग एकदा फाटकातून भाजीवाल्याला थांबवता थांबवता सहज म्हणाल्या, "तुला झोप येत नाही का गं?" मी काय उत्तर द्यावं हे ठरवेपर्यंत त्यांनी दोन मेथीच्या जुड्या निवडल्या होत्या. "मला पण नाही येत. रिटायर झाल्यापासून. तीन वाजले की जाग. आता बरंय, दिवा न लावता वाचता येतंय, ह्यांची झोप मोडत नाही." तेवढंच. पुढे ना त्यांनी कारण विचारलं, ना मी सांगितलं. पण त्यानंतर रात्री तीनला जाग आली की माझी नजर खिडकीतून त्यांच्या घराकडे जायला लागली. दिसत अर्थातच काही नव्हतं.

यंत्र परत आलं ते खाकी कव्हर घालून. शाळेच्या वहीला घालतात तसंच, कोपरे दुमडून, चार्जरच्या भोकापुरतं कापलेलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, जिथं पान उलटायला बोट लागतं, तिथं तांबूस तेलकट ठसा. शेंगाचटणी. मशीनवरची कोरडी पूड नव्हे, उखळात कुटून तेल सुटलेली, तिचाच असा डाग पडतो आणि पुसला की पसरतो. आत तर उलथापालथच झाली होती. माझ्या सगळ्या पुस्तकांतल्या खुणा हललेल्या. जाडजूड इतिहासात मी कशीबशी एकतृतीयांशावर पोचले होते, तिथून थेट सूचीवर. बोट जास्त वेळ दाबलं गेल्यामुळे कुठेही रेघा उमटलेल्या, एका ठिकाणी नुसत्या "आणि" या शब्दाखाली. आणि रहस्यकथा? पहिल्या चार संपलेल्या. कादंबरीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "बरी आहे. पण त्या बहिणींना कोणीतरी दोन थापडा द्यायला पाहिजे होत्या. ते खुनाचं जास्त चांगलंय."

सोबत एक कागद होता. कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान, त्याच्या कोऱ्या समासात आणि तारखांच्या चौकटींत लाल शाईनं लिहिलेली यादी. "आश्चयर्", "सूयर्", "कायर्कतार्", "पूवर्". पुढे प्रत्येकाचं शुद्ध रूप. नोकरी सुटली तरी लाल पेन सुटलेलं नाही, आणि पडद्यावर लिहिता येईना म्हणून त्यांनी पंधरवड्याच्या सगळ्या चौकटी भरून टाकल्या होत्या. खाली दुहेरी रेघ मारून प्रश्न: हे कोणी तपासले?

कुणीच नाही, हे त्याचं उत्तर. हा गोंधळ फार मराठी ई-पुस्तकांत दिसतो आणि त्यामागे एक साधीशी यांत्रिक गोष्ट आहे. युनिकोड, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायची सर्वमान्य पद्धत, रुळण्याआधीची मराठी पुस्तकं ज्या फाँटांत जुळवली गेली, त्यांत रफार डोळ्यांना दिसतो तसा टाकला जाई. आधी य, मग त्याच्या डोक्यावर रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, आधी र्, मग य. जुन्या फाइलचं रूपांतर करताना ही अदलाबदल राहून गेली की रफार जागा सोडून मागे पडतो आणि सूर्याचा "सूयर्" होतो. एक माणूस लाल पेन घेऊन एकदा बसला तर निम्म्या चुका जातील. पण बसवत नाहीत. ज्या पुस्तकांचे हक्क संपलेत त्यांचे हाल तर विचारूच नयेत. लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं, आपल्या कायद्यात तसं आहे. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन कुणीही काढावं. काढतातही. पण फुकट मिळालं म्हणून तपासायचंच नाही, हा कुठला न्याय? छापील पुस्तकाच्या शुद्धिपत्राला आपण हसायचो. निदान चूक झाल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलंय, एवढं तरी त्यातून कळायचं. यादीचा फोटो काढून मी प्रकाशकाला पाठवला. अजून उत्तर नाही.

ती लाल यादी हातात धरून मला वाचनालयातल्या पुस्तकांचे समास आठवले. पेन्सिलीनं लिहिणारे लोक. "साफ खोटे!" "लेखकाने गाव पाहिले नाही." एका रहस्यकथेत तर सतराव्या पानावर एका नावाभोवती गोल आणि बाजूला "हाच तो". वाचून इतका संताप आला होता, आणि तरी मी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, तो नव्हता हे सिद्ध करायला. तोच होता. या लोकांना कधी पाहिलं नाही, पण अक्षरावरून ओळखायला लागले होते. एक जण सगळ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत तिथ्या तपासायचा. एक बाई (बाईच असणार) नायिकेनं नमतं घेतलं की समासात नुसतं उद्गारचिन्ह काढायची. किंडलमध्येही दुसऱ्यांच्या रेघा दिसतात. इंग्रजी पुस्तक वाचताना मध्येच एखाद्या वाक्याखाली ठिपक्यांची रेघ येते, आणि इतक्या हजार लोकांनी हे अधोरेखित केलं, असा आकडा. मी ते बंद करून टाकलंय. हजारो लोकांना एकच वाक्य आवडलं, यात मला काय कळायचं? आवडलं नाही असं म्हणायची त्यात सोय नाही. वाचलेल्या मराठी पुस्तकांत तर तसली एकही रेघ मला आजवर दिसली नाही. स्वच्छ पानं. सुरुवातीला बरं वाटायचं, हल्ली जरा ओकंओकं वाटतं. आता मात्र एका "आणि"खाली रेघ आहे. ती मी पुसलेली नाही.

त्यानंतर यंत्र आलटून पालटून इकडे तिकडे जाऊ लागलं. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जायचं असलं की आदल्या रात्री मी मागून आणते. परत आले की दुसऱ्या दिवशी अक्का दारात. त्यांच्या मुलानं हे ऐकून नवीन घेऊन द्यायची तयारी दाखवली. मोठा पडदा, सगळं काही. अक्कांनी त्याला फोनवर झटकून टाकलं. "मला नवं कशाला बे? त्यात पुस्तकं कुठायत?" रिकामं यंत्र ही कल्पनाच त्यांना मान्य नाही. मी त्यांच्या नावाची एक वेगळी यादी केली, म्हणजे त्यांना हवं ते तिथं सापडावं. ती त्या उघडतच नाहीत. माझ्यातलंच धुंडाळतात.

आणि मग त्यांनी ते मागितलं, जे त्या मागणार हे खरं तर मला आधीच सुचायला हवं होतं. "आता कन्नड दाखव."

२०१६ची ती पाच भाषांची यादी मला पाठ आहे, पण सोलापुरात बसून ती मी कधी नीट वाचलीच नव्हती. आमच्या गल्लीत सकाळी नळावर ज्या तीन भाषा ऐकू येतात, त्यांतली एकच तिच्यात आहे. कन्नड नाही, तेलुगू नाही. ज्याच्या तळ्याकाठी हे शहर वाढलं, ज्याच्या नंदीध्वजांच्या काठ्या संक्रांतीला मिरवतात, त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथं बसून वचनं, म्हणजे छोटी भक्तिपर काव्यं, रचली ती कन्नडमध्येच. मराठी मिळालं म्हणून मी घरभर नाचले होते, तेव्हा भिंतीपलीकडे अक्का होत्याच. अक्कांना मी यादीतलं काही सांगितलं नाही. इंटरनेटवर वचनांची एक स्कॅन केलेली पीडीएफ मिळाली, ती घातली. पीडीएफ ती पीडीएफच. अक्षर मोठं होत नाही, पान नुसतं ताणलं जातं आणि ओळीचा शेवट बघायला सरकवत जावं लागतं. मी आडवं करून दाखवलं, कडेचा पांढरा भाग कापून पाहिला. जमेना. मला स्वतःलाच लाज वाटायला लागली, जणू ते यंत्र मीच बनवलं होतं.

अक्का उठल्या, देव्हाऱ्याशेजारच्या खणातून दांडीचं भिंग घेऊन आल्या. पंचांग बघायचं. यंत्र मांडीवर आडवं धरलं, भिंग पडद्यावर टेकवलं आणि एकेक अक्षर करत ओळ वाचायला लागल्या, आधी पुटपुटत, मग चाल लागली तशी मोठ्यानं. मला कन्नड समजतं त्याहून कमी वाचता येतं, म्हणून मी नुसतीच बसून राहिले. एक वचन झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर त्या अडखळल्या, भिंग पुढे-मागे केलं, लाल पेनासाठी चाचपडल्या आणि पानाची चूक नाही, डाग आहे, हे बघून थांबल्या. म्हणाल्या, "हे आता राहू दे माझ्याकडं. तुझे डोळे चांगलेत, तू कागदाचं वाच."